अँब्रिज गावची गोष्ट आणि ती ऐकणारे कान



रेडिओवरची मालिका आपल्याला नवी नाही. मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' आपल्या आया-आज्यांच्या पिढीनं ऐकलं. टेकाडे भाऊजी, मीना वहिनी आणि पंत ही माणसं ऐकणाऱ्यांना शेजारच्या घरातली वाटायची. आज आम्ही तुम्हाला अशाच एका मालिकेचा इतिहास सांगणार आहोत. ती आपल्या भाषेतली नाही, आपल्या देशातलीही नाही. ती आहे इंग्लंडमधल्या एका खेड्याची. पण तिच्यात शेती आहे, दुभती जनावरं आहेत, सासू-सुना आहेत, जमिनीच्या वाटणीवरून रुसलेली भावंडं आहेत. आणि एका बाईच्या छळाची गोष्ट आहे. त्या छळाचे वळ अंगावर उठत नव्हते, त्यामुळे गावाला तो दिसलाच नाही. रोज रेडिओ ऐकणाऱ्यांना मात्र तो ऐकू आला. तो कसा ऐकू आला, हे आपल्या कामाचं आहे असं आम्हाला वाटतं.

शेती शिकवण्यासाठी निघालेली मालिका

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं, पण इंग्लंडमधली टंचाई काही संपली नाही. मांस, लोणी, चीज, साखर सगळं रेशनवर मिळायचं. ते रेशन पूर्ण उठायला १९५४ साल उजाडलं. सरकारला धान्य आणि दूध वाढवायचं होतं. नवं बियाणं, नवी खतं, जनावरांचे रोग यांची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची होती. बीबीसीवर शेतीची भाषणं होत असत. पण दिवसभर राबून आलेला माणूस भाषण किती ऐकणार?

१९४८ साली बर्मिंगहॅम शहरात शेतकरी आणि बीबीसीचे लोक यांची बैठक झाली. त्या काळी रेडिओवर 'डिक बार्टन' नावाची हेरकथांची मालिका गाजत होती. रोज भाग अशा जागी थांबायचा की पुढचा ऐकल्याशिवाय राहवत नसे. बैठकीत एका शेतकऱ्यानं सुचवलं की आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. बीबीसीच्या गॉडफ्रे बेसली यांनी ही सूचना मनावर घेतली. १९५० च्या मे महिन्यात इंग्लंडच्या मध्य भागात पाच भाग प्रयोग म्हणून लावले. १ जानेवारी १९५१ पासून ही मालिका सगळ्या देशाला ऐकू येऊ लागली. तिचं नाव 'द आर्चर्स', म्हणजे आर्चर मंडळी. गावाचं नाव अँब्रिज. ते नकाशात कुठंही नाही. डॅन आर्चर, त्याची बायको डॉरिस, त्यांची तीन मुलं आणि ब्रुकफील्ड नावाची त्यांची शेती, एवढ्यावर गोष्ट सुरू झाली.

शेतीखात्याचा या कामात हात होता. कडू औषध गुळात घालून द्यावं, तसा सल्ला गप्पांमध्ये घालून दिला जाई. गोठ्यातल्या बोलण्यातून जनावराच्या आजाराची खूण कळायची, जेवताना औताच्या घोड्यांवर आणि ट्रॅक्टरवर वाद व्हायचा. खात्याशी असलेलं हे नातं १९७२ साली संपलं. मालिका मात्र शेतीतच राहिली. २००१ साली इंग्लंडमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली, तेव्हा अँब्रिजलाही धास्ती बसली आणि ब्रुकफील्डच्या मंडळींनी स्वतःला शेतावर कोंडून घेतलं. बाहेर खऱ्या गोठ्यांमध्ये तेच चाललं होतं.

ऐकणाऱ्यांनी मालिका आपली केली

ही मालिका अजून चालू आहे. वीस हजारांच्या वर भाग झाले. सुरुवातीला भाग पंधरा मिनिटांचा होता, आता तेराएक मिनिटांचा आहे. आठवडाभर भाग चुकला तर रविवारी सगळे भाग एकत्र लागतात. जगात इतकी वर्षं चाललेली दुसरी नाट्यमालिका नाही.

इतकी वर्षं लोक का ऐकतात? एक कारण साधं आहे. तिथला काळ आपल्या काळासारखाच चालतो. बाहेर नाताळ, तर अँब्रिजमध्येही नाताळ. बाहेर कापणी, तर तिथंही कापणी. ऐकणारी म्हातारी होते, तशी गोष्टीतली माणसंही म्हातारी होतात. फिल आर्चरचं काम नॉर्मन पेंटिंग यांनी १९५० पासून २००९ साली मरेपर्यंत केलं. पेगीचं काम करणाऱ्या जून स्पेन्सर २०२२ साली थांबल्या, तेव्हा त्यांचं वय १०३ होतं. तान्ह्या बाळाचं रडणं ऐकलं, त्याच पोराचं लग्न ऐकलं आणि पुढं त्याच्या नातवंडांचं बोलणं ऐकलं, असे श्रोते तिथं आहेत.

त्यांच्या मायेचं बळ पहिल्यांदा दिसलं ते २२ सप्टेंबर १९५५ ला. त्या रात्री फिलची तरुण बायको ग्रेस जळत्या तबेल्यातून घोडा सोडवायला आत शिरली आणि मेली. लोकांनी घरोघर रडून काढलं. बीबीसीचे फोन अडून गेले, पत्रांचा ढीग पडला, कुणी कुणी तर फुलं पाठवली. त्याच रात्री बीबीसीशी स्पर्धा करणारी नवी टीव्ही वाहिनी सुरू होत होती. लोकांचं लक्ष तिकडं जाऊ नये, हा त्या मरणामागचा हेतू होता. पुढं आणखी एक गोष्ट बाहेर आली. ग्रेसचं काम करणाऱ्या यझान चर्चमन इतर कलाकारांना युनियनमध्ये यायला सांगत होत्या, आणि हे बेसलींना खुपत होतं. तेव्हा पडद्यामागची गोष्टही ऐकण्यासारखीच होती.

हळूहळू मालिकेत बायकांची दुःखं आली. १९९३ साली सुझन कार्टर ही गरीब घरची बाई गुन्हेगार भावाला लपवल्याबद्दल तुरुंगात गेली. लोकांनी तिच्या सुटकेची मागणी केली. भारतीय वंशाची वकील उषा गुप्ता १९९१ साली गावात आली, आणि तिच्या रंगावरून तिच्यावर हल्ले झाले, तेही मालिकेनं दाखवलं. २००० साली शेतकरीण रूथला स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली. पुढं पेगीच्या नवऱ्याला विसरण्याचा आजार जडला. पेगीचं काम करणाऱ्या जूनबाईंनी स्वतःच्या घरी नवऱ्याचं हेच दुखणं काढलं होतं. घराघरांत जे चार भिंतींच्या आत झाकलेलं होतं, ते स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बोललं जाऊ लागलं.

हेलनचा आवाज

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. हेलन आर्चर ही डॅन-डॉरिसची पणती. मालिकेत तिचा जन्म १९७९ सालचा. जुन्या श्रोत्यांनी तिचं सगळं ऐकलेलं होतं. ती हुशार, हट्टी. घरच्या शेतावर चीज बनवायची. तिच्या सोबत्यानं २००४ साली आत्महत्या केली. नंतर तिनं अन्न टाकलं, त्यातून ती सावरली. मग नवऱ्याशिवाय मूल वाढवायचं ठरवून हेन्रीला जन्म दिला.

२०१३ साली गावातल्या मोठ्या डेअरीचा व्यवस्थापक म्हणून रॉब टिचनर आला. गोड बोलणारा, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. हेलनच्या आईलाही तो आवडला. त्यानं हेलनवर जीव लावला आणि लग्न केलं. मग सुरू झालं ते असं. स्वयंपाकाला हसून नाव ठेवणं. हा पोशाख तुला शोभत नाही, असं म्हणणं. गाडीला जरासा धक्का लागला, तर आता तू गाडी चालवू नकोस, तुझ्या काळजीनं सांगतो, असं म्हणणं. तिच्या दुकानाचा कारभार हळूच आपल्या हातात घेणं. मैत्रिणींपासून तोडणं. हेन्रीला दूरच्या शाळेत घालायचा घाट घालणं. आणि गावभर सांगणं की हेलनचं डोकं ठिकाणावर नाही, मीच तिला सांभाळतो.

यातली कुठलीच एक गोष्ट घेऊन पोलिसात जाता येत नाही. एका तासाच्या सिनेमात हे दाखवायचं तर पहिल्या दहा मिनिटांत थप्पड मारावी लागते. या मालिकेकडे रोजची तेरा मिनिटं आणि अडीच वर्षं होती. म्हणून छळ जसा खऱ्या घरात मुरतो, तसाच तो कथेत मुरला. रेडिओवर चेहरा दिसत नाही, कान लावून आवाजच ऐकावा लागतो. ज्यांनी हेलनला वर्षानुवर्षं ऐकलं होतं, त्यांना तिचा आवाज खाली येत गेलेला कळला. वाक्य सुरू करून ती मध्येच थांबते. आधी "मी ठरवलंय" म्हणायची, आता "रॉबला विचारते" म्हणते. चूक नसताना माफी मागते. गावातली माणसं रॉबचं कौतुक करत होती, आणि ऐकणारे घरात बसून रेडिओवर ओरडत होते की बायांनो, पोरगी बुडतेय. काहींना ते सोसवेना, त्यांनी ऐकणं सोडलं. काही बायकांना मात्र हे आपल्याच घरातलं वाटलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये एका श्रोत्यानं ठरवलं की हेलन खोटी असली तरी हेलनसारख्या खऱ्या बायका आहेत, त्यांच्यासाठी पैसे जमवू. श्रोत्यांनी घातलेली ती रक्कम वाढत वाढत दीड लाख पौंडांच्या वर गेली आणि 'रेफ्यूज' या छळग्रस्त बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेला मिळाली.

३ एप्रिल २०१६ च्या रात्री हेलननं रॉबला सांगितलं, मी मुलाला घेऊन जाते. त्यानं तिच्या हातात सुरी दिली आणि जायचं तर मरूनच जावं लागेल असं सांगितलं. त्या झटापटीत तिनं त्यालाच भोसकलं. तो वाचला, ती कैदेत गेली. दुसरं मूल तिनं कैदेतच जन्माला घातलं. सप्टेंबरमध्ये खटला झाला आणि ती निर्दोष सुटली. त्या निकालाच्या वेळी कितीतरी घरांत लोक श्वास रोखून बसले होते.

या सगळ्या काळात खरा कायदाही बदलत होता. २९ डिसेंबर २०१५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदाराला असं सतत धाकात आणि ताब्यात ठेवणं हा गुन्हा झाला. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा मालिकेमुळे आला असं म्हणता येणार नाही, त्यासाठी बायकांच्या संघटना आधीपासून झटत होत्या. पण कायद्याच्या पुस्तकातलं अवघड कलम म्हणजे घरात नेमकं काय, हे लाखो लोकांना हेलनमुळे समजलं.

आपल्याकडचा धागा

ही वाट आपल्याकडेही चाललेली आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीच्या परिसरात १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळं बसवली होती. गावकरी एकत्र कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्यावर चर्चा करायचे. नुसतं ऐकून सोडून न देता ऐकून बोलायचं, ही रीत तिथं घातली गेली. अफगाणिस्तानात बीबीसीनं १९९४ साली 'आर्चर्स'च्या धर्तीवर पश्तू आणि दरी भाषेत मालिका सुरू केली. १९९६ साली हिंदी आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' लागत होतं. हुंड्यासाठी छळलेली त्यातली पूनम जीव देते. ते ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुतसान गावच्या १८४ लोकांनी आकाशवाणीला पत्र पाठवलं की आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. एका पत्रानं हुंडा संपत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण लाजेनं जे बोललं जात नव्हतं, त्यावर गावानं सह्या केल्या.

आपल्या देशात 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाण हीच हिंसा, असं तो मानत नाही. टोचून बोलणं, अपमान करणं, धमकावणं, खर्चाला पैसे न देणं, बाईची कमाई काढून घेणं, हीही त्यात हिंसाच आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते, आणि ती बाईच्या वतीनं दुसऱ्या कुणालाही करता येते. १८१ या नंबरावर फोन करता येतो.

मालिका मन लावून ऐकणाऱ्या बाईला लोक रिकामटेकडी म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. रोज ऐकून तिचा कान तयार झालेला असतो. तो कान आपल्या गल्लीत लावून बघू या. बचत गटाच्या बैठकीत आधी मोकळी बोलणारी कुणी आता गप्प बसते का? कर्जाच्या कागदावर सही करायला तिची हरकत नसते, पण "त्यांना विचारून सांगते" म्हणून ती दर वेळी उठून जाते का? नवरा आला की फोन मध्येच ठेवते का? तिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं तिच्याच घरचे गोड आवाजात सांगतात का?

एवढ्यावरून लगेच निकाल देऊ नये. पण तिच्याकडे येणं-जाणं तोडू नये. अँब्रिजमध्ये रॉबनं कितीही आडकाठी केली तरी कर्स्टी नावाच्या मैत्रिणीनं हेलनचा हात सोडला नाही, आणि त्या रात्री हेलननं फोन केला तो तिलाच. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. मग एकच प्रश्न घ्या: आपल्या गटातल्या कोणत्या बाईचा आवाज गेल्या वर्षभरात आपण ऐकला नाही? नाव निघालं, तर तिच्याविषयी चर्चा करत बसू नका. दोघी जणी सहज म्हणून तिच्या घरी जाऊन या.