'देले' : पुसण्याच्या एका शब्दाची वाटचाल

मुद्रिते तपासताना समासात एक खूण आम्हांस पुन्हा पुन्हा करावी लागते. इंग्रजीतील 'डी' या अक्षराच्या वरच्या टोकाला वळसा द्यावा, तशी तिची आकृती असते. 'हे काढून टाका' असा तिचा अर्थ असून, अक्षरजुळणी करणाऱ्यास तो समजावून सांगावा लागत नाही. ही खूण म्हणजे एका लॅटिन शब्दाचे आद्याक्षर आहे. तो शब्द 'देले', अर्थात 'पुसून टाक'. फ्रेंच आणि जर्मन मुद्रितशोधक याच खुणेला अधिक अदबीने 'देलेआतुर', म्हणजे 'पुसले जावो', असे म्हणतात. आज लहान मुलांच्याही तोंडी असलेला 'डिलीट' हा शब्द याच घराण्यातला. संगणकाने तो घरोघर पोहोचवला खरा; परंतु ख्रिस्तसभेच्या उपासनेत तो दीड हजार वर्षांहून अधिक काळ उच्चारला जात आहे.

मूळ लॅटिन क्रियापद 'देलेरे'. त्याचे नाते 'लिनेरे', म्हणजे लिंपणे किंवा माखणे, या क्रियापदाशी जोडले जाते. हे नाते कळण्यासाठी रोमन मुलांची पाटी डोळ्यांसमोर आणली पाहिजे. लाकडी फळीच्या खोलगट भागात मेणाचा थर दिलेला असे. लोखंडी किंवा हाडाच्या लेखणीच्या अणकुचीदार टोकाने त्यावर अक्षरे कोरायची आणि चूक झाली की लेखणी उलटी करून तिच्या चपट्या टोकाने मेण पुन्हा सारखे करायचे. पुसणे म्हणजे तेथे लिंपणेच होते! 'लेखणी उलटी करणे' याचा अर्थ लॅटिनमध्ये 'लिहिलेले सुधारणे' असा रूढ झाला.

पाटीवरचा हा शब्द पुढे रणांगणावरही गेला. कार्थेज नगरीचा नाश केलाच पाहिजे, असा आग्रह वृद्ध केटो रोमच्या संसदेत पुन्हा पुन्हा धरीत असे. त्याची ही मागणी ज्या शब्दांत प्रसिद्ध झाली आहे, त्यांत हेच क्रियापद आहे. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सैन्याने ते शहर खरोखरच पुसून टाकले.

आपल्या मराठीचे या बाबतीतले वैभव वेगळेच. 'रद्द' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला; तिकडे त्याचा अर्थ 'परत करणे, नाकारणे' असा. घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांची 'रद्दी' त्याच्याच कुळातली. 'खोडरबर' या शब्दात तर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज पंडिताने पेन्सिलीच्या रेघा काढणाऱ्या एका नव्या पदार्थाची नोंद केली. तो घासून रेघा पुसतो, म्हणूनच इंग्रजीत त्या पदार्थाला 'रबर' हे नाव मिळाले.

परंतु सर्वांत गोड शब्द 'पुसणे'. आपण डोळे पुसतो आणि खुशालीही पुसतो. ही दोन क्रियापदे दिसायला जुळी असली, तरी त्यांची घराणी निराळी आहेत. विचारणे या अर्थाचे 'पुसणे' संस्कृत 'पृच्छति'पासून आले, तर स्वच्छ करण्याचे 'पुसणे' प्राकृत 'पुस' या धातूपासून. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात त्याची नोंद आहे. कुमसाराच्या वेळी धर्मगुरू आपल्याला आधी पुसतात आणि मग पुसतात, असे आम्ही म्हटले, तर व्याकरणाचे जाणकार रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. दाविदाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चात्तापाच्या ५१व्या स्तोत्रात आपला अपराध पुसून टाकण्याची विनवणी दोनदा येते आणि लॅटिन पाठात दोन्ही वेळा शब्द आहे 'देले'. लॅटिन प्रार्थनेच्या काळातील आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या कानांवरून तो कितीदा तरी गेला असेल. मूळ हिब्रू क्रियापद 'माहा'. ते फार घरगुती आहे. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याजक शापवचने लिहून ती पाण्यात धुऊन टाकतो, तेथे तेच क्रियापद आहे. त्या काळची शाई पाण्याने निघत असे. दुसऱ्या राजे या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात परमेश्वर यरुशलेमबद्दल बोलताना ताट पुसून पालथे घालण्याची उपमा देतो. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर करताना मात्र ते ताट उचलून तेथे मेणाची पाटी ठेवली आणि तिच्यावर फिरणारी लेखणीही आणली! भाषांतर म्हणून यावर आक्षेप घेता येईल. परंतु 'देलेरे' या शब्दाने त्यांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहत होते, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नसेल.

संत पौलाच्या नावे असलेल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हाच शब्द कर्जरोख्यासाठी येतो. ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला, आपल्याविरुद्ध असलेला दस्तऐवज ख्रिस्ताने पुसला आणि वधस्तंभाला खिळला, असे तेथे सांगितले आहे. सावकाराच्या वहीत ज्यांच्या घराची नोंद कधी राहिली असेल, त्यांना या प्रतिमेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

सगळेच पुसले जाते, असे मात्र नाही. १८१९ मध्ये व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख अँजेलो माय, जे पुढे कार्डिनल झाले, यांना चर्मपत्रावरील एका जुन्या हस्तलिखितात संत ऑगस्टीन यांच्या स्तोत्रभाष्याखाली दुसरी अक्षरे दिसली. बोबिओ येथील मठात सातव्या शतकात कोणी तरी जुने लेखन काढून टाकून त्यावर ते भाष्य उतरवले होते. खालचा मजकूर निघाला सिसेरोच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाचा. त्या ग्रंथाचा बराचसा भाग तोवर हरवलेलाच मानला जात होता. संगणकातही असेच घडते. 'डिलीट' केलेल्या मजकुराचा पत्ता तेवढा यादीतून जातो. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर बहुधा आत तसाच पडून असतो.

ख्रिस्तसभेने तर या शब्दाला नकाराचा उपसर्ग लावून एक सिद्धान्तच उभा केला : 'इंदेलेबिलिस', न पुसता येणारा. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा या तीन संस्कारांनी आत्म्यावर न पुसला जाणारा ठसा उमटतो, असे १४३९ च्या फ्लोरेन्स धर्मपरिषदेने सांगितले आणि ३ मार्च १५४७ रोजी त्रेंत धर्मपरिषदेने ते अधिकाराने घोषित केले. म्हणूनच हे संस्कार एकाच व्यक्तीला दुसऱ्यांदा दिले जात नाहीत. श्रद्धा सोडून गेलेला मनुष्य वीस वर्षांनी परतला, तर त्याच्यासाठी कुमसार आहे. पुन्हा स्नानसंस्कार नाही. पाप पुसले जाते, ठसा पुसला जात नाही, आणि दोन्हींसाठी भाषेने एकच धातू वापरला आहे.

हा प्रश्न अलीकडे न्यायालयातही गेला. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील एका गृहस्थांनी स्नानसंस्काराच्या नोंदवहीतून आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली. त्यांनी श्रद्धा सोडल्याची नोंद समासात आधीच केलेली होती; त्यांना तेवढे पुरेसे वाटले नाही. २०११ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला आणि १९ नोव्हेंबर २०१४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोंद कायम ठेवली. त्या गृहस्थांचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. जे आपण निवडले नाही, त्याच्या यादीत आपले नाव राहावे, हे कोणाच्याही मनाला टोचू शकते. परंतु ती नोंद त्यांच्या मताची नव्हे, घडलेल्या घटनेची होती. व्हॅटिकनच्या धर्मकायदाविषयक विभागानेही एप्रिल २०२५ मध्ये हेच स्पष्ट केले : नोंद पुसता येणार नाही, समासात लिहिता येईल.

आपल्या धर्मग्रामाच्या कपाटातील नोंदवही कधी पाहण्याचा योग आला, तर तिचे समास अवश्य पाहावेत. दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतबंधन, सारे पुढे त्या एका ओळीच्या शेजारी लिहिले जाते, ही धर्मकायद्याच्या ५३५व्या कलमाची आज्ञा आहे.