कबड्डी बघणारे कोट्यवधी, पैसा मात्र क्रिकेटला; असं का? टीआरपी आणि कमाईचा हिशोब समजून घ्या

गौलीगुडा (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, बिलोलीकडून हैदराबादला जाणाऱ्या प्रवाशाला गौलीगुड्यातलं महात्मा गांधी बसस्थानक चांगलंच ओळखीचं असतं. इथून सामना बघायला जायचं तर दोन वाटा आहेत. मेट्रोच्या हिरव्या मार्गानं परेड ग्राऊंड आणि पुढं निळ्या मार्गानं उप्पलचं क्रिकेट स्टेडियम. नाहीतर लाल मार्गानं अमीरपेठ, पुढं निळ्या मार्गानं रायदुर्ग आणि तिथून गच्चीबावलीचं इनडोअर स्टेडियम. उप्पलला आयपीएलचा सनरायझर्स हैदराबाद खेळतो, तर गच्चीबावलीच्या हॉलमध्ये प्रो कबड्डीच्या तेलुगू टायटन्सचे सामने होत आलेत.

दोन्ही संघ एकाच शहराचे, पण पैशाचा हिशोब एकदम वेगळा. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनं पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. कबड्डीत तोवर एवढी बोली कुणावरच लागली नव्हती. दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, सनरायझर्सनं पॅट कमिन्ससाठी २० कोटी ५० लाख मोजले. कबड्डीत अख्ख्या संघाला खेळाडू घ्यायला ५ कोटींची मर्यादा होती, आयपीएलमध्ये १०० कोटींची. म्हणजे एकट्या कमिन्सच्या पैशात कबड्डीचे चार संघ उभे राहिले असते.

मग प्रश्न पडतो. कबड्डी हा देशात क्रिकेटच्या खालोखाल बघितला जाणारा खेळ, असं दरवर्षी सांगितलं जातं. बघणारे एवढे, तर पैसा कुठं जातो?

करार किती रुपयांचे?

लीगची मोठी कमाई तिकिटावर नसते, ती प्रक्षेपण हक्कांवर असते. सामना टीव्हीवर आणि मोबाईलवर दाखवण्यासाठी कंपनी जे पैसे देते, ते हे हक्क. ती कंपनी पुढं जाहिराती आणि वर्गणीतून ते पैसे वसूल करते.

आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क जून २०२२ मध्ये ४८ हजार ३९० कोटींना गेले. त्यातले भारतातल्या टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारनं २३ हजार ५७५ कोटींना घेतले. डिजिटलचे मुख्य हक्क वायकॉम१८ नं २० हजार ५०० कोटींना घेतले.

प्रो कबड्डीचे २०२१ ते २०२५ या पाच वर्षांचे हक्क स्टार इंडियाकडं राहिले ते सुमारे ९०८ कोटींना. यात टीव्ही आणि डिजिटल दोन्ही आलं.

वर्षाचा हिशोब काढला तर आयपीएलला ९ हजार ६७८ कोटी आणि कबड्डीला १८१ कोटींच्या आसपास. फरक त्रेपन्न पटींचा. सामन्यामागं बघितलं तर तो आणखी वाढतो. पाच वर्षांत ४१० सामने धरले तर आयपीएलच्या एका सामन्याचे ११८ कोटी होतात. बारा संघांच्या कबड्डी मोसमात २०२४ पर्यंत १३७ सामने होत, म्हणजे सामन्याला साधारण सव्वा कोटी.

आधी प्रेक्षकांचे आकडे तपासू

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. पहिल्याच मोसमात ४३ कोटी ५० लाख लोकांनी ती बघितल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी आयपीएलचा आकडा ५६ कोटी होता. देशभर चर्चा झाली की मातीतला खेळ क्रिकेटच्या जवळ आला.

पण हा आकडा 'रीच'चा असतो. रीच म्हणजे अख्ख्या स्पर्धेत कधीतरी, निदान मिनिटभर, ज्यांच्या टीव्हीवर ते चॅनल लागलं होतं असे सगळे लोक. रिमोटनं चॅनल बदलताना मिनिटभर थांबलेला माणूसही एक आणि साठ सामने पूर्ण बघणाराही एकच. दुकानात किती लोक आत डोकावून गेले हे यातून कळतं, खरेदी कितीची झाली ते कळत नाही.

खरी खरेदी कळते ती एकूण किती मिनिटं बघितलं यावरून. जवळपासचे दोन मोसम घेऊ. आयपीएल २०२३ साठी डिस्ने स्टारनं टीव्हीवरचे ५० कोटी ५० लाख प्रेक्षक आणि ४२ हजार ७१० कोटी मिनिटं जाहीर केली. प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाच्या पहिल्या ९० सामन्यांसाठी त्याच कंपनीनं २२ कोटी ६० लाख प्रेक्षक आणि ३ हजार ८०० कोटी मिनिटं सांगितली.

आता भागाकार करा. आयपीएलचा प्रेक्षक मोसमात सरासरी ८४६ मिनिटं, म्हणजे चौदा तास बसला. कबड्डीचा प्रेक्षक १६८ मिनिटं, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. कबड्डीचे शेवटचे ४७ सामने यात नाहीत, त्यामुळं तिचा आकडा थोडा वाढेल. तरी चित्र बदलत नाही. प्रेक्षकांच्या संख्येत फरक सव्वादोन पटींचा आहे, बसून बघण्यात पाच पटींचा.

मिनिटाचा भाव काय?

आयपीएलच्या फक्त टीव्ही हक्कांचे वर्षाला ४ हजार ७१५ कोटी पडतात. त्याला ४२ हजार ७१० कोटी मिनिटांनी भागलं तर मिनिटाला ११ पैसे येतात. कबड्डीचे १८१ कोटी ३ हजार ८०० कोटी मिनिटांनी भागले तर पाच पैशांपेक्षा थोडे कमी. एका माणसानं तासभर क्रिकेट बघितलं तर त्यामागं कंपनीनं साडेसहा रुपये मोजलेत. कबड्डी बघितली तर तीन रुपयेसुद्धा नाहीत.

थोडक्यात, टीव्हीच्या पैशातला सव्वीस पटींचा फरक तीन ठिकाणांहून येतो. प्रेक्षक सव्वादोन पट, प्रत्येकाचा वेळ पाच पट आणि मिनिटाचा भाव सव्वादोन पट. तिन्ही गुणून बघा, सव्वीसच्या आसपासच उत्तर येतं. पहिल्या दोन गोष्टी प्रेक्षकांच्या हातात आहेत. तिसरी बाजाराच्या हातात आहे.

कबड्डीचं मिनिट स्वस्त का?

पहिलं कारण खेळाची रचना. टी-२० सामना साडेतीन तास चालतो. प्रत्येक षटकानंतर थांबा, विकेट पडली की थांबा, वर डावात दोन टाइम-आउट. जाहिरात टाकायला जागाच जागा. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती आणि एक चढाई ३० सेकंदांची. चढाई चालू असताना जाहिरात लावली तर प्रेक्षक शिव्याच देणार. ज्या वेगामुळं कबड्डी टीव्हीवर चालली, तोच वेग तिच्या कमाईला आडवा येतो.

दुसरं कारण प्रेक्षक कोण आहे हे. कबड्डीचा मोठा प्रेक्षक लहान शहरांत आणि खेड्यांत आहे. मोटार, महागडा मोबाईल, गुंतवणूक योजना विकणाऱ्या कंपन्या शहरातल्या कमावत्या माणसाच्या मिनिटाला जास्त पैसे देतात. धर्माबादच्या घरातलं मिनिट आणि मुंबईच्या घरातलं मिनिट त्यांच्या वहीत एका भावानं लिहिलं जात नाही.

तिसरं कारण घेणारे किती. आयपीएलच्या २०२२ च्या लिलावात स्टार, वायकॉम१८, सोनी आणि झी अशा मोठ्या कंपन्या उतरल्या होत्या. मोंढ्यात चार व्यापारी आले की भाव चढतो, तसंच हे. कबड्डीत लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये स्टारचीच ७४ टक्के मालकी २०१५ पासून होती. विकणारा आणि विकत घेणारा एकाच घरातला असेल तर बाजारभाव समजणार कसा?

चौथं कारण सामन्यांची संख्या. आयपीएलचे ७४ सामने, कबड्डीचे २०२४ पर्यंत १३७. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत हेच दिसतं. तिथल्या कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६७ सामने होतात आणि २०१६ च्या मुदतवाढीनुसार त्याचे वर्षाला सरासरी ११० कोटी डॉलर मिळतात. कॉलेज फुटबॉलच्या बाद फेरीत बारा संघांचे फक्त ११ सामने, पण २०२४ च्या करारानं त्याला वर्षाला १३० कोटी डॉलर ठरले. माल कमी आणि मागणी मोठी असेल तर भाव मिळतोच.

एकच कंपनी, दोन भाव

प्रायोजकाचं उदाहरण अजून स्पष्ट आहे. २०१७ मध्ये विवो या एकाच मोबाईल कंपनीनं पाच-पाच वर्षांसाठी दोन्ही लीगना आपलं नाव दिलं. आयपीएलसाठी २ हजार १९९ कोटी, कबड्डीसाठी सुमारे ३०० कोटी. फरक सात पटींचा. तो प्रक्षेपण हक्कांच्या फरकापेक्षा बराच कमी आहे. म्हणजे नाव लावून घ्यायला कबड्डी परवडते आणि चालतेही. जाहिरातीची जागा विकायची वेळ आली की ती मागं पडते.

मोजणी होते कशी?

टीआरपी बार्क ही संस्था मोजते. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी आणि मीटर बसवलेली घरं सुमारे ५८ हजार. म्हणजे चार हजार घरांमागं एक मीटर. ग्रामीण भागाचे आकडे बार्कनं ऑक्टोबर २०१५ पासून द्यायला सुरुवात केली. म्हणजे कबड्डी लीगचे पहिले दोन मोसम होऊन गेल्यावर. ज्या खेळाचा जीव खेड्यात आहे, त्याच्यासाठी खेड्यातलं मीटर ही साधी गोष्ट नाही.

फुटबॉलचं काय झालं ते बघा

पैसा एकाच दारातून येत असेल तर काय होतं, हे हैदराबादनं फुटबॉलमध्ये अनुभवलंय. २०१९ मध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. गच्चीबावलीतच घर असलेला हा संघ २०२१-२२ चा इंडियन सुपर लीग विजेता ठरला. तरी २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला गेला. फुटबॉल महासंघाचा २०१० चा पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला आणि त्याआधी नोव्हेंबरमध्ये नव्या निविदेला एकही बोली आली नाही. चषक जिंकूनही गाव टिकलं नाही.

त्यातच नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेचा भारतातला कारभार एक होऊन जिओस्टार झालं. स्टार आणि वायकॉम१८ आता एकाच छताखाली आहेत. मोंढ्यातला एक मोठा व्यापारी कमी झाला. आयपीएलच्या पुढच्या लिलावातही याचा परिणाम दिसू शकतो. कबड्डीला तर पर्याय आधीच कमी होते.

आपल्या पोरांच्या दृष्टीनं

एवढं असूनही कबड्डीनं जे दिलं ते कमी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड या सीमेवरच्या तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडं ३६ लाख ४० हजारांना गेला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सनं त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. १ मार्च २०२४ ला याच गच्चीबावलीत पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार कर्णधार होता. विजेत्याला ३ कोटी मिळाले. आयपीएल विजेत्याला २० कोटी मिळतात.

मात्र लिलावात कोटीचा आकडा गाठणारे मोजकेच. संघाची एकूण मर्यादाच ५ कोटी असेल आणि त्यातले अडीच कोटी एकालाच गेले, तर बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं ते उघड आहे. म्हणून तालमीतल्या पोरानं रेल्वे, पोलीस किंवा कंपनीच्या संघातली नोकरी सोडून फक्त लीगच्या भरवशावर राहणं धोक्याचंच.

पुढच्या मोसमात 'इतक्या कोटींनी बघितलं' अशी बातमी येईल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. प्रत्येकानं किती मिनिटं बघितलं, त्या मिनिटाला काय भाव मिळाला आणि भाव करायला किती जण आले होते. या तिघांची उत्तरं वाढली तरच खेळाडूच्या हातात जास्त पैसे पडतील.