कचरा जिरवावा तो आपल्याच आवारात

मेथीची जुडी निवडली की देठे उरतात, मटार सोलले की टरफले उरतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत रोज खराट्याने झाडूनही सोसायटीच्या अंगणात पाचोळ्याचा ढीग उरतोच. पूर्वी परसातील खड्ड्यात हे सारे एकत्र पडे आणि खत होऊन बाहेर निघे. शहरातून परस गेले आणि खड्डाही गेला. देठे, दुधाच्या पिशव्या आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या एकाच डब्यात जाऊ लागल्या. भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात साधारणतः निम्मा वाटा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. हा वाटा आवारातच जिरवला, तर शहराबाहेर जाणारा कचरा जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो.

दाराबाहेर गेलेला कचरा

मुंबईतील देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरात दूरवर पसरला होता. पुण्यात कोथरूडचा कचरा डेपो बंद झाल्यावर शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत जाऊ लागला. दुर्गंधी, माश्या आणि विहिरींच्या दूषित पाण्याने त्रासलेल्या ग्रामस्थांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराने डोळ्यांआड केलेला कचरा या गावांच्या दारात साठत राहिला.

या त्रासाचे मूळ मिश्र कचऱ्यात आहे. ढिगाखाली दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो, तेव्हा मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वलनशील आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. ढिगातून पाझरणारे काळे पाणी जमिनीत मुरते. तोच ओला कचरा हवेशीर जागी कुजला, तर मिथेन अत्यल्प निर्माण होतो आणि हाती खत येते.

नियमांचा प्रवास

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे शहरी घनकचऱ्याच्या प्रश्नाला देशव्यापी वळण मिळाले आणि २००० मध्ये पहिली नियमावली आली. २०१६ च्या नियमावलीने ओला, सुका आणि घरगुती घातक अशी तीन भागांत विभागणी करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दररोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवण्यास सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रकारांत ५ हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपयांचा दंड ठरवला. अंगणातील पाचोळ्याला काडी लावण्याची जुनी सवयही त्यामुळे दंडास पात्र ठरली.

साली आणि पाचोळा

खरे पाहता पाचोळा हा ओल्या कचऱ्यावरचा उत्तम उपाय आहे. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या सुमारे तीसपट कर्ब लागतो. भाज्यांच्या देठांत नत्र व पाणी अधिक असते, वाळलेल्या पानांत कर्ब अधिक असतो. नुसती देठे ठेवली तर ती सडून वास येतो. नुसती पाने ठेवली तर ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. दोन्ही एकत्र आली की काम वेगाने होते.

त्यासाठी तळाला व बाजूंना भोके असलेली मोठी कुंडी किंवा ड्रम दोन विटांवर ठेवावा. तळाशी नारळाच्या शेंड्यांचा किंवा पाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. रोजच्या साली, देठे व चहाचा चोथा बारीक करून टाकावा आणि त्यावर तितकाच किंवा थोडा अधिक पाचोळा पसरावा. आंबा, फणस यांची जाड पाने चुरून घ्यावीत. सुरुवातीला विरजण म्हणून थोडे तयार खत, शेणकाला किंवा आंबट ताक घालता येते. आठवड्यातून एकदा मिश्रण वरखाली करावे. कुंडी भरली की ती झाकून ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. साधारण दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व मातीचा वास असलेले खत मिळते.

मिश्रणाचा ओलावा पिळून घेतलेल्या फडक्याइतका असावा. वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून पाचोळा वाढवावा. मुंग्या झाल्या तर मिश्रण कोरडे पडले आहे. थोडे पाणी शिंपडावे. चिलटे दिसल्यास पाचोळ्याचा थर जाड करावा. हाडे, मासळी आणि तेलकट खरकटे लहान कुंडीत टाकू नये. निर्माल्यातील दोरे व प्लास्टिक काढून फुले मात्र जरूर टाकावीत.

उरलेला पाचोळा आवारातील झाडांच्या बुंध्याशी पसरता येतो. या आच्छादनाने उन्हाळ्यात मातीतील ओल टिकते. मोठ्या संकुलांत जाळीचे कुंपण करून त्यात पाने साठवावीत, म्हणजे ती वर्षभर ओल्या कचऱ्यासाठी पुरतात.

सुक्या कचऱ्यामागचे हात

ओला कचरा वेगळा झाला की सुका कचरा स्वच्छ राहतो आणि त्याला भंगारात भाव मिळतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. खरकट्याने माखलेली पिशवी उघडणारे हात याच कामगारांचे असतात. फुटलेली काच कागदात गुंडाळून, सॅनिटरी नॅपकिन वेगळ्या कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढून दिला, तर त्यांना होणारी इजा व संसर्ग टळू शकतो.

यापुढची पायरी म्हणजे कचरा निर्माणच न होऊ देणे. मंडईत कापडी पिशवी नेणे, पालेभाजी एका वेळी दोन दिवसांपुरतीच घेणे आणि वापरण्याजोगी वस्तू टाकून न देता गरजूला देणे, एवढ्यानेही डबा हलका होतो. प्रारंभासाठी फार काही लागत नाही. एक कुंडी, पोतेभर पाचोळा आणि घरातील सर्वांनी पाळायचे दोन डबे पुरेसे आहेत.