हापशाचे मूळ गाव

छत्तीसगडमध्ये हातपंपाला 'बोरिंग' म्हणतात, आपल्याकडे हापसा. रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत शासकीय कामानिमित्त फिरताना शाळेच्या आवारात, पंचायतीसमोर, देवळापाशी तो हमखास दिसतो. सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव 'इंडिया मार्क टू' असे आहे. या पंपाचे मूळ जालना आणि सोलापूर येथे आहे, आणि ते ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांत रुजले, हे येथील मराठी मंडळींनाही सहसा ठाऊक नसते.

मिशनचा इतिहास आपण धर्मोपदेशक, डॉक्टर आणि शिक्षक यांच्या नावांनी सांगतो. छत्तीसगडात ऑस्कर लोर यांनी 1868 मध्ये विश्रामपूर वसवले, तर 1899 मध्ये अमेरिकेतील मेनोनाइट पंथीय धमतरीला आले. परंतु दवाखाना बांधायचा, विहीर खोदायची, तर लोखंड आणि दगड जाणणारा माणूसही लागतो. मिशनच्या सेवेत आलेले असे तंत्रज्ञ इतिहासात अभावानेच आढळतात.

1960 च्या दशकातील अवर्षणांत दख्खनच्या काळ्या पाषाणात पहार-सुरुंगाने विहीर खणणे फार वेळखाऊ ठरत होते. जालना येथे चर्च ऑफ स्कॉटलंडचे जॉन मॅक्लाउड यांनी यंत्राने विंधन विहिरी घेण्याचे काम हाती घेतले. पाणी लागले, पण ते वर काढणारा पंप टिकेना. त्या काळचे बिडाचे पंप पाश्चात्त्य देशांतील शेतघरांसाठी, म्हणजे एका कुटुंबापुरते, घडवलेल्या नमुन्यांवर बेतलेले होते. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव पाणी भरी. सांधे झिजत, दांडे वाकत, बीड तडकत असे.

जालन्याच्या कार्यशाळेने बिडाऐवजी पोलाद वापरले आणि अनेक सांध्यांच्या जागी एकच भक्कम सांधा ठेवला. सोलापूरच्या मिशनच्या विहीर-सेवेत ऑस्कर कार्लसन आणि तेथील कारागीर यांनी ही रचना पुढे नेली. सोलापूर पंपात दांडा साखळीला जोडलेला असे आणि ती साखळी मुठीच्या टोकावरील गोलाकार भागावरून फिरे. त्यामुळे दांडा सरळ वर-खाली जाई, आडवा ताण पडत नसे. साधीच गोष्ट, पण पंपाचे आयुष्य तिने बदलले.

पुढचे काम शासनाचे होते. 1970 च्या दशकाच्या मध्यास बसवलेल्या पंपांपैकी बहुसंख्य बंद आहेत, असे पाहणीत आढळले. तेव्हा युनिसेफ, भारत सरकार आणि सार्वजनिक क्षेत्रातील रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीचा मद्रास येथील कारखाना यांनी सोलापूरचा नमुना पायाभूत धरून नवा पंप सिद्ध केला. कोइमतूर परिसरातील खोल विहिरींवर त्याची कसून चाचणी झाली आणि 1979 मध्ये भारतीय मानक आयएस 9301 प्रसिद्ध झाले. त्यावर कोणाचेही पेटंट नव्हते. मानक पाळणारा कोणताही कारखाना तो बनवू शकत होता. पुढे आफ्रिकेतील अनेक देशांतही तो पोहोचला.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला प्रश्न पडतो, तो असा: बाजाराने ही सुधारणा स्वतःहून का केली नाही? उत्तर सोपे आहे. पंप विकत घेणारे सरकार होते, वापरणारे गाव होते. निविदा स्वस्त पंपाला मिळे आणि तो बिघडल्याचा भुर्दंड डोक्यावर हंडा घेऊन मैलभर चालणाऱ्या बाईला बसे. त्या बाईची तक्रार ना कारखान्यापर्यंत पोहोचे, ना खरेदी विभागापर्यंत. मिशनचा तंत्रज्ञ मात्र त्याच मुलखात राहत होता. त्याने बसवलेला पंप मोडला की गावकरी त्याच्या फाटकाशी येत. तो सुधारणा करू शकला, त्यात बुद्धीइतकाच या शेजाराचा वाटा असावा.

मिशनच्या सेवेमागील हेतूंविषयी आपल्या देशात जुना वाद आहे. छत्तीसगड ज्या जुन्या मध्य प्रदेशात होते, त्याच्या शासनाने 1954 मध्ये नागपूरचे न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती आणि 1956 च्या तिच्या अहवालाने मिशनवर कठोर टीका केली. तो वाद मी येथे सोडवू शकत नाही. मात्र प्रशासक म्हणून एवढे नोंदवतो की हेतूंची चौकशी करताना कामाची नोंद पुसली जाऊ नये. कार्यशाळेत राहिला असता, तर हा पंप दोन-चार जिल्ह्यांपुरता उरला असता. आणि कार्यशाळेविना शासन बिडाचेच पंप विकत घेत राहिले असते.

2019 पासून जल जीवन मिशनखाली घरोघर नळ देण्याचे काम सुरू झाले. नळ बसवल्याचा आकडा कागदावर लगेच चढतो. तो नळ बिघडला तर गावकऱ्यांनी कोणाच्या फाटकाशी जायचे, याचे उत्तर प्रत्येक योजनेच्या नस्तीत पहिल्याच पानावर असायला हवे.