रात्रपाळीचे गाणे आणि वर्षाची अल्बम-यादी

वर्ष सरताना त्या वर्षातील आवडत्या अल्बमांची यादी करण्याची प्रथा रॉक संगीताच्या रसिकांत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने १९७० च्या दशकात सुरू केलेला 'पॅझ अँड जॉप' हा समीक्षकांचा कौल हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. या यादीत सुटे गाणे नव्हे, तर संपूर्ण अल्बम मोजला जातो. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग तबकडी आणली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. त्यामुळे गाण्यांचा क्रम आणि त्यांतील समान सूत्र यांना महत्त्व आले.

अशा याद्यांमध्ये रॉकच्या शेजारी 'ऑल्ट-कंट्री' हा प्रकार आढळतो. अमेरिकेच्या ग्रामीण कंट्री संगीताला रॉकच्या धारदार गिटारची जोड देणारी ही शैली आहे. इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या छोट्या औद्योगिक गावातील 'अंकल टुपेलो' या बँडचा १९९० चा 'नो डिप्रेशन' हा अल्बम तिचा आरंभबिंदू मानला जातो. त्यातील 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' आणि 'फॅक्टरी बेल्ट' ही शीर्षकेच रात्रपाळीचे आणि कारखान्यांच्या पट्ट्याचे जग उभे करतात. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या भोंग्यावर दिनक्रम ठरणाऱ्या बोईसरच्या श्रोत्याला हा विषय परका वाटू नये.

१९९४ मध्ये हा बँड फुटला. त्यामुळे १९९५ ची यादी विशेष रंजक ठरते. जेफ ट्वीडी यांच्या 'विल्को'चा 'ए.एम.' आणि जे फरार यांच्या 'सन व्होल्ट'चा 'ट्रेस' हे दोन्ही पहिले अल्बम त्याच वर्षी आले. 'ट्रेस'मध्ये फिडल, बँजो आणि पेडल स्टील गिटार ठळकपणे ऐकू येतात. मुंबईच्या 'इंडस क्रीड'चा त्याच नावाचा अल्बमही १९९५ चाच. पूर्वी 'रॉक मशीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बँडने नाव बदलताना सिंधूचे नाते सांगितले होते. त्या काळी असे संगीत मिळवण्याचे हमखास ठिकाण म्हणजे काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस'. हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले. चर्चगेटहून सुटणारी उपनगरी गाडीही २०१३ पर्यंत विरारच्या पुढे जात नसे. पालघर-बोईसरच्या रसिकाला या खरेदीसाठी बराच प्रवास करावा लागे.

यादीचे मोल केवळ हौसेपुरते नसते. विल्कोचा 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम २००१ मध्ये 'रिप्राइज' कंपनीने नाकारला. बँडने तो संकेतस्थळावर विनामूल्य ऐकवला आणि २००२ मध्ये 'नॉनसच'ने तो प्रकाशित केला. विशेष म्हणजे दोन्ही कंपन्या वॉर्नर समूहाच्याच होत्या. 'पॅझ अँड जॉप'मध्ये हाच अल्बम त्या वर्षी पहिला आला. व्यापाराने डावललेली कृती श्रोत्यांनी आणि समीक्षकांनी उचलून धरली.

मात्र या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. जे ध्वनिमुद्रित होऊन अल्बमच्या रूपात प्रकाशित होते, तेच यादीत येते. पालघर जिल्ह्याचा तारपा हे उदाहरण घेता येईल. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांपासून बनणारे हे वाद्य वारली समाजात नव्या पिकाच्या दिवसांत वाजते आणि त्याभोवती नाच फेर धरतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या वाजवून आणि ऐकून पुढे आली आहे. कोणत्याही एका वर्षाचा शिक्का तिच्यावर बसत नाही.

ऑल्ट-कंट्रीचे सामर्थ्य कारखान्यातील वर्तमान आणि पूर्वजांचे लोकसंगीत एकत्र आणण्यात आहे. 'नो डिप्रेशन' हे शीर्षकही १९३६ मध्ये कार्टर फॅमिलीने मुद्रित केलेल्या जुन्या गीतावरून घेतलेले आहे. बोईसरची पाळी आणि जव्हारचा तारपा एकाच जिल्ह्यात नांदतात. यादी करणाऱ्या रसिकाने म्हणूनच वर्षभरातील अल्बम संपूर्ण आणि क्रमाने ऐकावेत, जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या वगळाव्यात आणि यादीबाहेर राहणाऱ्या जवळच्या संगीतासाठीही एक संध्याकाळ राखून ठेवावी.