ऊब आणि सवड

आजचा प्रश्न साधा वाटेल. थंडीत तान्हं बाळ उबदार कसं ठेवायचं? आपण लगेच दुपटं, कुंची, शेगडी अशी नावं घेतो. दुपटं आणि कुंची हवीच. पण बंद खोलीतली शेगडी घातक. तिच्यातला विषारी वायू कळतही नाही. शिवाय नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. अंगाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की काळजी सुरू.

सगळ्यांत भरवशाची ऊब आईच्या अंगाची. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली, कारण उबवणीच्या पेट्या अपुऱ्या होत्या. तीच आजची कांगारू पद्धत.

आता कोणी म्हणेल, ही ऊब तर फुकट! नाही. तिला आईचा वेळ लागतो. आणि आईचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

तो आपल्या झरीतच विचारला गेला. आज तलासरी तालुक्यात असलेलं हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. २३ मे १९४५ रोजी किसान सभेच्या वतीने, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने, इथे सुमारे ५,००० वारली जमले. ठरलं काय? वेठ करायची नाही. १२ आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही.

ठराव मजुरीचा होता, बाळांचा नव्हता. पण पाहा, वेठ म्हणजे काय? हाक आली की चालू लागायचं. घरी कोण तान्हं आहे, हे विचारायचं नाही. वेठ नाकारणं म्हणजे आपला दिवस आपल्याकडे परत घेणं. त्या दिवसातच बाळाची ऊब असते.

आजही या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, म्हणजे ऐन थंडीत. आता वेठ नाही, पण काम चुकलं की रोज बुडतो. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात. त्यात बाळंतिणीला किती दिवस बाळाला छातीशी धरून बसता येईल, हा हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. थंडीत दुपटी जरूर वाटा. पण दुपट्यासोबत सवडही द्यावी लागेल.