परांची आणि कायद्याचा कागद

इमारत उभी राहिली की मालकाचे नाव कोनशिलेवर कोरले जाते. परांचीवरून पडलेल्या बिगाऱ्याचे नाव कुठेच राहत नाही. म्हणून बांधकामातील सुरक्षेच्या लेखी नियमांचा इतिहास त्याच्या बाजूने तपासला पाहिजे.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामे चालू होती. रोजच्या ९ रुपये २५ पैशांतून जमादार १ रुपया कापून घेत. १४ वर्षांखालील मुलेही कामावर होती. बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात बांधकाम नाही, असा बचाव पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. बांधकाम हे धोक्याचेच काम आहे आणि घटनेचे २४ वे कलम मुलांना त्यापासून दूर ठेवते, असा निर्वाळा दिला.

बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा यायला १९९६ उजाडले. पण त्याच्या दारातच उंबरठे घातलेले होते. कायदा लागू व्हायला १० मजूर हवे होते. सुरक्षा समितीला ५०० हवे होते. १९९८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे लेखी सुरक्षा धोरणाला ५० हवे होते. शिवाय १० लाखांपर्यंतचे स्वतःचे राहते घर बांधणारा मालक या कायद्याबाहेर राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. म्हणजे आठ-नऊ माणसे घेऊन घरे बांधणाऱ्या मुकादमाच्या हाताखालचा मजूर होता तिथेच राहिला. दुसऱ्या मजल्यावरून तोल जातो तेव्हा जमीन मजुरांची मोजदाद करीत नाही!

आणि धोका कामाच्या वेळेपुरताही नसतो. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला निवासी संकुलाची भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. निजलेली १५ माणसे गेली.

अशा वेळी मजुरांच्या चिवटपणाचे कौतुक होते. हे कौतुक फसवे आहे. जातिव्यवस्थेनेही आपल्याला सोसण्याचीच शिकवण दिली होती. सोशिकपणा हा कठड्याला पर्याय नव्हे.

तोंडी हुकूम जमादाराचा असतो; तो नाकारता येतो, फिरवता येतो. लेखी नियम पुढे ठेवून जाब विचारता येतो. मात्र तो कंत्राटदाराच्या कपाटात राहिला, तर अपघातानंतर त्याच्याच बचावाला येतो. तो मजूर नाक्यावर, मजुराच्या बोलीत वाचला गेला पाहिजे. लिहिण्यावाचण्याचा हक्क आपण झगडून मिळविला. त्याचा हा उपयोग चळवळीने करायचा नाही, तर कोणी करायचा?